खेळायला आलेले देश

१९९४ साली मी आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, उटनूरच्या पुढे, जंगलपट्ट्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवत होतो. सामाजिक शास्त्राच्या जागेवर वर्षभर कोणी आलंच नाही, म्हणून तो विषयही माझ्याच गळ्यात पडला. बायको आदिलाबादला सरकारी कचेरीत कारकून, मुलगी पाचवीत. मी शनिवारी दुपारच्या बसनं घरी जायचो आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परतायचो. हिशेब केला तर आठवड्यातला दीड दिवसच मी गृहस्थ होतो. आदिलाबादला बदली मागणारा माझा अर्ज त्या उन्हाळ्यात मंजुरीच्या शेवटच्या टेबलावर पोचला होता. मुलगी दर रविवारी विचारायची, "बाबा, कागद हलला का?"

वर्गात जगाचा एक नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, इंग्रजी अक्षरांचा. पोरांना तो वाचता येत नव्हता, आणि वाचता आला असता तरी उपयोग नव्हता. त्यावर सोव्हिएत संघ गुलाबी रंगात अखंड पसरला होता आणि जर्मन्या दोन होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात अमेरिकेत फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला. आमच्या शाळेत फुटबॉल नव्हता, एक व्हॉलीबॉल होता, तोच पायानं खेळत. पेपर बसनं एक दिवस उशिरा यायचा. मला एक युक्ती सुचली. चोवीस देश खेळायला आलेत, तर चोवीस चिठ्ठ्या करायच्या. चिठ्ठीवर देशाचं मराठी नाव आणि खाली एक ओळ: स्वतंत्र कधी झाला, कधी फुटला, कधी जुळला. पोरांनी जंगलातून धावड्याचा डिंक आणला, आणि आम्ही चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या जागेवर चिकटवल्या.

इतकं सोपं शिकवणं मी पुन्हा कधी केलं नाही. जर्मनीची चिठ्ठी दोन्ही जर्मन्यांवर मिळून बसली. मागचा चषक पश्चिम जर्मनीनं जिंकला होता, आता संघ एकच आला, एवढं सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे भावाभावाची वाटनी झाल्ती ते पुना एका चुलीवर आले. सर, हे माह्या काकाले सांगा न!" कोरियाचा फक्त दक्षिणेकडचा संघ आला होता, तिथं चूल अजून वेगळीच. कॅमेरून आणि नायजेरिया दोघंही १९६० साली सुटलेले. मोरोक्को १९५६ साली. "सर, आपलं आंध्र पन छप्पनचंच!" एका मुलीनं ताबडतोब पकडलं. मग मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगितलं. ते निजामाच्या राज्यात जन्मले, हैदराबाद राज्यात नोकरीला लागले आणि आंध्र प्रदेशात निवृत्त झाले. तिन्ही वेळा घर तेच, दारही तेच.

"आन् इंग्लंड काऊन नाही, सर?"

"पात्रता फेरीतच हरले."

यावर वर्ग दोन मिनिटं इतका खूश होता की मी गप्प बसवलं नाही.

आता माझा स्वभाव असा की शाळेच्या वस्तूला हात लावला तर नोंद पाहिजे. मी स्टॉक रजिस्टर काढलं आणि चोवीस चिठ्ठ्यांच्या चोवीस नोंदी केल्या. तारीख, देश, चिठ्ठीचं कारण, सही.

ब्राझीलनं चषक नेला आणि दोन आठवड्यांनी तपासणी आली. तपासणी अधिकारी तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी खडू मोजले, खुर्च्या मोजल्या, मग नकाशापुढे उभे राहिले.

"मास्टर, ये किसने चिपकाया?"

हेडमास्तर चोपन्नचे, तपासणीच्या दिवशी उपाशीच राहणारे. ते घाईनं म्हणाले, "पोट्टे हायेत जी साहेब, करतात."

मी म्हणालो, "नाही साहेब, मी चिकटवल्या. रजिस्टरमध्ये नोंद आहे."

साहेबांनी नोंदी वाचल्या. सगळ्या चोवीस. मग रशियाच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. ती मी सबंध गुलाबी पट्ट्यावर मधोमध लावली होती. "इसमें यूक्रेन किधर है?"

"साहेब, तो खेळायला आला नाही."

"और ये युगोस्लाविया? अभी तक पूरा?"

"त्याला खेळायची बंदी आहे, साहेब. म्हणून चिठ्ठी नाही."

खरं सांगतो, तोपर्यंत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जो देश मैदानात उतरला त्याचाच इतिहास माझ्या वर्गात घडला होता. सोव्हिएत संघाचे पंधरा तुकडे झालेले, मी एकच चिठ्ठी लावून मोकळा. साहेबांनी शेरा लिहिला: सरकारी नकाशा विद्रूप केला, मूळ स्थितीत आणून अहवाल द्यावा, तोवर संबंधित शिक्षकाच्या बदलीचा कागद थांबवावा.

जीप गेल्यावर हेडमास्तर माझ्यावर उखडले. "तुमी लिवलं काऊन? चोवीस डाव गुन्हा कबूल करनारा मानूस म्या पयल्यांदा पायला! पोट्ट्यायवर ढकलून राह्यलो होतो न मी!"

"पोरांनी नव्हतं केलं, सर."

"तुमाले बदली पायजे का खरेपना पायजे?"

दोन्ही, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चिठ्ठ्या काढायला बसलो. पण धावड्याचा डिंक तो. जर्मनीच्या चिठ्ठीबरोबर जर्मनीच निघून आली आणि तिथं नुसतं कापड राहिलं. तिसऱ्या चिठ्ठीला मी हात आवरला.

आता तसाच दुसरा नकाशा आणणं आलं. आदिलाबादच्या दुकानदारानं नवाकोरा उलगडला. मी म्हणालो, "हा नको, सोव्हिएत संघाचा द्या." त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, लोक जुना देऊन नवा घेतात." बासरला गेलो, तिथंही नवाच. जग बदललेलं सगळीकडे मिळत होतं, न बदललेलं कुठंच नाही. तिकडे मुलगी विचारत होती, आणि मी सांगत होतो की कागद हलेल, आधी रशिया सापडू दे. पाचव्या रविवारी मंचेरियल स्टेशनाजवळच्या दुकानात, पोटमाळ्यावर धुळीत एक गुंडाळी निघाली. त्याच छापाची, तोच गुलाबी रंग.

नकाशा टांगला तेव्हा वर्ग बघत राहिला. "सर, जर्मनीचे पुना दोन केले?"

मी म्हणालो, "तपासणीसाठी." यापेक्षा वाईट उत्तर मी कुठल्याच वर्गात दिलेलं नाही.

दिवाळीआधी बदली झाली. मुलीनं त्या दिवशी कागदाबद्दल विचारलं नाही, माझी पेटी उचलायला धावली.

१९९८च्या जुलैत क्रोएशिया पहिल्याच विश्वचषकात तिसरा आला. मुलगी तोवर नववीत. पेपर वाचता वाचता म्हणाली, "बाबा, हा देश आधी कुठं होता?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तो जुना वर्ग डोळ्यांपुढे आला. माझ्या बदलीपायी मी तिथं मेलेलं जग टांगून आलो होतो, आणि चार वर्षं पोरं तेच बघत होती. त्याच आठवड्यात मी एक दिवसाची रजा टाकली, नवा नकाशा घेतला आणि बसमध्ये बसलो.

हेडमास्तर निवृत्तीला टेकले होते, पण होते. माझ्या काखेतली गुंडाळी बघून म्हणाले, "हे काय आनलं? घेतलं त नोंद करा लागते. आधी वर्गात चाला."

नकाशा तोच होता, गुलाबी. पण जवळ गेलो तर त्यावर बारीक पेन्सिलीच्या रेघा. दोन जर्मन्यांमधल्या सीमेवर फुल्या मारलेल्या. युक्रेन होता. सोव्हिएत संघाचे मी तुकडे मोजले, पंधरा भरले. युगोस्लावियातही रेघा, आणि त्यात क्रोएशिया, मराठीत.

"कोणी केलं?"

"तुमी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं," हेडमास्तर म्हणाले. "पेन्सिलीनं हाये. साहेब आला का पोट्टे रबर मारतात, गेला का पुना काढतात. दोन तपासन्या झाल्या. आता पोट्ट्यायले सीमा तोंडपाठ हायेत."

"आणि रजिस्टरमध्ये?"

"रजिस्टरमंदी कायले?"

मी युगोस्लावियाचे तुकडे मोजले. चारच तुकडे. "सर, पाच पाहिजेत. मॅसिडोनिया राहिला."

"तो खेळाले आला नसन," हेडमास्तर म्हणाले, आणि पुढच्या बाकावरच्या मुलीकडून पेन्सिल घेऊन माझ्या हातात दिली.

मी रेघ ओढायला वाकलो. ती मुलगी उठून शेजारी आली आणि काळजीनं म्हणाली, "हलक्या हातानं काढा, सर. दाबली त मंग निंगत नाही."