सिदूचा अंगठा आणि अक्कांची ताटली

सोलापुरात आमच्या इस्पितळाच्या तळमजल्यावर जंतूंची खोली आहे आणि तिथं राजेश्वरीअक्कांचं राज्य आहे. अक्का मूळच्या अक्कलकोटकडच्या. माणसांशी मराठीत बोलतात, जंतूंशी कानडीत. लोकांच्या जखमांतला पू तपासायचा आणि गुन्हेगार कोण ते सांगायचं, हे त्या अठ्ठावीस वर्षं करताहेत. तरी दुपारी शेंगाचटणी-भाकरी अशी चवीनं खातात की बघणाऱ्याला आपलंच पोट नाजूक वाटावं. मी त्यांच्या हाताखाली. मला नाव आहे, पण त्यांच्या लेखी मी गावावरून नुसता ‘कुर्डुवाडी’.

त्या सोमवारी वॉर्डातून आलेली पुवाची काडी त्यांनी माझ्या नाकापुढं धरली.

"काय बे कुर्डुवाडी, पोहे करायचेत का? हळद कुणी पाठवली?"

काडीचा कापूस खरंच पिवळाधमक होता. याच पेशंटच्या आदल्या काडीतून जंतू वाढवायच्या ताटलीत जे उगवलं होतं, तेही त्यांना पटेना. कोरड्या, पांढुरक्या, पसरट चकत्या.

"उगवलंय ते लिहून मोकळं होऊ की," मी म्हटलं.

"लिही. हा जंतू मातीतला, हळदीतला. मग औषध हळदीला देऊ आणि त्याचा अंगठा जाऊ दे."

अंगठा सांगोल्याकडच्या सिदू मेंढपाळाचा. लोकर कातरताना कातर लागली आणि हात मनगटापर्यंत टम्म सुजला. आठ दिवसांचं औषध वाया गेलं होतं. सर्जन म्हणाले होते, आणखी चार दिवस बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल.

अक्का तडक वॉर्डात गेल्या. मी मागं.

"जखमेत हळद कोण टाकतंय?"

"हळद न्हाय बाई, भंडारा हाय. बिरोबाचा," सिदूची बायको मायाक्का ठसक्यात म्हणाली. "नर्सबाईची पाठ वळली की पट्टी उचलून चिमूटभर टाकते."

"ते धुवायचं. मग आतला पू घ्यायचा."

"देवाचं धुयाचं? न्हाय जमायचं."

सिदूनं हात पोटाशी घेतला. आता अक्का चिडणार म्हणून मी दोन पावलं मागं सरकलो. पण त्यांनी मोबाईल काढून ताटलीचा फोटो दाखवला.

"तुमचा जंतू आम्ही ह्या तांबड्यावर वाढवतो. कशाचं आहे सांगा बघू?"

"कशाचं?"

"मेंढीच्या रक्ताचं."

सिदू ताडकन उठून बसला. "मेंढी मारता व्हय?"

"मारत नाही ओ! मानेतून थोडं काढतात. मेंढी जाते परत चरायला."

सिदूनं फोटो जवळून न्याहाळला. मग बायकोकडं वळला. "मेंढरं कुणाची गं?"

"बिरोबाची."

"मग ताटली बी बिरोबाचीच की! घ्या बाई, काय पायजे ते घ्या."

असा युक्तिवाद आमच्या एकाही पुस्तकात नाही. भंडारा जखमेतून निघून कपाळावर गेला. नर्सनं जखम स्वच्छ धुतली आणि सर्जननी खोलवरचा पू सुईनं ओढून दिला.

दुसऱ्या दिवशी ताटलीवर गोल, गुबगुबीत, सोनेरी ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या द्राक्षांचे घड. अक्का हरखल्या. "बा मगा, बा!" म्हणजे ये लेकरा, ये. माझ्याशी इतक्या मायेनं त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांनी त्या जंतूंचा एक थेंब परीक्षानळीतल्या रक्तरसात टाकला. काही तासांत रक्तरस दह्यासारखा घट्ट झाला. जखमा पिकवणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, नक्की! मग जंतू पसरलेल्या नव्या ताटलीवर औषधांच्या टिकल्या लावल्या. बुधवारी बघितलं, तर चालू औषधाच्या टिकलीला जंतू निवांत खेटून बसला होता. दुसऱ्या एका टिकलीभोवती मात्र रुपयाएवढं मोकळं मैदान, तिथं जंतू फिरकलाच नव्हता.

अक्का रिपोर्ट घेऊन स्वतःच जिना चढल्या. औषध बदललं. शुक्रवारी सूज मनगटावरून उतरली. पुढच्या मंगळवारी सर्जन म्हणाले, "अंगठा राहतोय."

घरी जायच्या दिवशी आम्ही वॉर्डात गेलो, तर सिदू पलंगावर बसून स्वतः पटका बांधत होता. मायाक्का मदतीला गेली, तर तिचा हात त्यानं झटकला. "सोड गं. माजं मला येतंय."

"डावीकडं कलला की ओ," अक्का म्हणाल्या.

"कलू द्या, बाई," सिदू हसला. "दोन्ही हातांनी बांधलाय."