हरकतीची मुदत

अशोकचा फोन आला तेव्हा मी श्रीरामपूरच्या कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. "वकीलसाहेब, ताई गेली," एवढंच तो बोलला. शोभाताई त्याची थोरली बहीण, आणि कित्येक वर्षं एकाच खोलीत माझ्यासोबत वकिली करणारी. भावाबहिणीचं बोलणं केव्हाच तुटलं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्याचा तो आवाज अजून मला स्वस्थ बसू देत नाही...

त्या अबोल्याला कारण घडलं ते एका नळीचं. परराज्यातून येणारी गॅसची वाहिनी देवळाली प्रवराच्या शिवारातून जाणार होती. गावात सभा भरली. पुढारी म्हणाले, मुंबईला जाऊ, आपलं सरकार काम बंद पाडील. टाळ्या पडल्या. मग शोभाताई उठल्या. जमीन हा राज्याचा विषय असला, तरी राज्याची हद्द ओलांडणारी गॅसवाहिनी केंद्राच्या अखत्यारीत येते, असं त्यांनी सांगितलं. मुंबईच्या नकारानं ती थांबणार नाही. मार्ग बदलून हवा तर केंद्राच्या कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे मुदतीत हरकत घ्या. बाई गॅस कंपनीला फितूर आहे, असं मागून कुणी बोललं. अशोकला वाहिनीच्या वाटेतल्या आपल्या रानात घर बांधायचं होतं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तू आमची हायेस का त्यांची?"

 तरी मुदत संपेपर्यंत ताई घरोघर हिंडल्या. मोजक्यांनी ऐकलं, त्यांच्या रानातली वाहिनी बांधाकडे सरकली. बाकीचे मोर्चात गेले, अशोकही गेला. हा विषय आमच्याकडे नाही, असं उत्तर मुंबईहून आलं तोवर मुदत उलटली होती. वाहिनी अशोकच्या रानाच्या मधोमध गेली. सातबारा त्याचाच राहिला, पण कायद्यानं त्या पट्ट्यावर घर नाही, विहीर नाही, झाडसुद्धा नाही.

ताईंना मात्र आपण खऱ्या ठरलो याचं कधी सुख झालं नाही. चहा निवत ठेवून त्या माझ्याशी वाद घालत. प्रत्येक राज्य आडवं पडलं तर नळी पुढे जाणार कशी, हे त्याच विचारत. आणि ज्यांच्या रानातून ती जाते त्यांचं दिल्लीत ऐकणार कोण, हेही त्याच. दोन्ही प्रश्न त्यांना छळत... आणि उत्तराआधीच त्या गेल्या.

ताईंच्या जलदानविधीनंतर काही दिवसांनी अशोक आमच्या खोलीवर आला. सोबत पाच-सहा शेतकरी होते. जुन्या वाहिनीशेजारून आता दुसरी टाकणार आहेत, म्हणाला. मी ताईंची खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. तिच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभा राहिला.

"माझं जायचं ते गेलं," तो म्हणाला. "ह्यांची मुदत अजून हाय. ताई सांगायची तशी हरकत लिहा."

मी लिहायला घेतलं. अशोक शेवटपर्यंत उभाच होता.