डोक्याला मुका मार

मी मोटारसायकलवरून पडले तेव्हा आमचे यजमान सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होते. आम्ही वाशीमहून रिठदला घरी येत होतो. मांडीवर अस्तराच्या कापडाचं गाठोडं, एक हात त्यावर, दुसरा त्यांच्या खांद्यावर, आणि मी नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून बसलेली. गावाअलीकडच्या गतिरोधकावर गाडी उडाली, गाठोडं घसरलं. ते सावरायला मी खांदा सोडला आणि थेट रस्त्यावर आले. डोक्याची मागची बाजू डांबरावर आपटली. गाडी पुढे गेली, आणि यजमानांचं बोलणंही. "यंदा माल थांबवू का विकून टाकू?" असं त्यांनी दोनदा विचारलं म्हणे. मी हो म्हणेना, नाही म्हणेना, म्हणून त्यांनी मान वळवली तर मागे कोणीच नाही.

ते परत आले तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसून अस्तराच्या घड्या घालत होते. मला यातलं काही आठवत नाही. मी त्यांना विचारलं, "आपून कुठी जाऊन राह्यलो?" ते म्हणाले, "घरी." थोड्या वेळानं मी पुन्हा तेच विचारलं. मग त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी गाडी उलटी वाशीमकडे घेतली.

तिथं सीटी स्कॅन झालं. आत रक्तस्राव नाही, हाड शाबूत. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हिसका बसलाय, आराम करा, होईल बरं. टेंगूळ लवकरच उतरलं. बाकीचं काही उतरेना.

मी ब्लाऊज शिवते. गावातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्याकडे आहेत. आता मशीनवर बसले की तिची खटखट थेट कवटीत व्हायची. रेघांचं कापड समोर धरलं तर रेघा वाहत्या पाण्यावर असल्यासारख्या हलायच्या. कुकरची शिट्टी झाली की मी कान दाबून अंगणात पळायची. मान झटकन वळवली तर घर फिरायचं. आणि शब्द जायचे. एकदा सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ते द्या ना, कापाचं." त्यांनी विळा आणून दिला. मी मान हलवली. मग चाकू आला, मग अडकित्ता. कात्री माझ्या मांडीवरच होती.

शेजारच्या काकू भेटायला यायच्या आणि मला न्याहाळून पाहायच्या. "रिपोर्ट त नॉर्मल आला ना वं? मंग काहून झोपून राह्यते?" पायाला प्लास्टर असतं तर कोणी विचारलं नसतं. हळूहळू मीच स्वतःला विचारायला लागले, की आपण खरंच आजारी आहोत का उगाच कामचुकारपणा करतोय.

उपचार मात्र जोरात सुरू झाले. पहिला मान सासूबाईंचा. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकल्या. नजर लागलेली असेल तर मिरचीचा ठसका येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला असा ठसका लागला की डोळ्यातून धारा. सासूबाईंनी शांतपणे विस्तव विझवला आणि निकाल दिला, "नजर नाई हे. दुसरं कायतरी हाय." मग तिळाच्या कोमट तेलानं माझं डोकं चोळलं. त्यानं दुखणं गेलं नाही, पण झोप छान लागली, म्हणून ते आम्ही चालूच ठेवलं.

नणंदेनं फोनवरून भिजवलेले बदाम, ब्राह्मी आणि नाकात तुपाचे थेंब सांगितले. यजमानांनी चष्मा करून आणला. त्या चष्म्यातून रेघा हलायच्या त्या हलायच्याच, फक्त आता ठळक दिसायच्या. शिवाय त्यांनी माझ्यासाठी आतली खोली अंधार करून दिली. खिडकीला गोधडी लावली, मोबाईल काढून घेतला, सगळ्यांना हळू बोलायला लावलं. प्रेमानंच केलं सगळं. पण दिवसच्या दिवस त्या अंधारात पडून राहिल्यावर बाहेरचं ऊन मला आणखी टोचायला लागलं.

मग माझा भाऊ येऊन मला माहेरी, आसेगावला घेऊन गेला. तिकडे शीर बसवणारे एक आजोबा आहेत, लांबून लोक येतात. त्यांनी माझी मान दोन्ही हातांत धरली, "ढिली सोड माय," म्हणाले, आणि कडाक्कन वळवली. मी उठून त्यांच्या अंगणातच उलटी केली. आजोबा खूश झाले. "पाह्यलं? सारा वात निघून गेला!" वात गेला की नाही कोण जाणे, पुढचे कितीतरी दिवस मला उशीवर मान टेकवता येईना. भाऊ बिचारा इतका ओशाळला की रोज फोन करून आधी मानेचीच चौकशी करायचा.

परत आल्यावर मी हट्टानं मशीनवर बसले. साधा पांढरा ब्लाऊज होता, रेघ नाही, नक्षी नाही. हळूहळू शिवला आणि उचलून पाहिला तर एक बाही उलटी लागलेली. मला आधी हसू आलं. ते हसू कधी रडण्यात गेलं मला कळलं नाही. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या जवळ आल्या, माझ्या हातातून ब्लाऊज काढून घेतला आणि म्हणाल्या, "उद्या वाशीमले जाऊ. मोठ्या डॉक्टरले दाखवू."

"पन रिपोर्ट त चांगला हाय ना, आत्याबाई."

"चुलीत गेला तो रिपोर्ट. दिसत नाई म्हनून दुखत नाई काय?"

मी पडल्यापासून असं पहिल्यांदाच कोणी म्हणालं होतं. मी आणखीच रडले.

वाशीमला मेंदूच्या एक डॉक्टर बाई अकोल्याहून येऊन बसतात. त्यांनी घाई केली नाही. डोळ्यांपुढे बोट फिरवलं, सरळ रेषेत चालायला लावलं, शब्द कसे जातात ते विचारलं. आसेगावची हकिकत ऐकून मात्र खवळल्या. "पुन्हा मानेला कोणाला हात लावू द्यायचा नाही!" मग समजावून सांगितलं, की स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडतोड दिसते, मेंदूचं काम कसं चाललंय ते त्यात दिसत नाही. काहींना बरं व्हायला महिने लागतात. हे खरं दुखणं आहे, मनाचे खेळ नाहीत.

"म्हंजे डोक्याले मुका मार बसला," सासूबाई म्हणाल्या.

"तसंच समजा," बाई हसल्या. त्यांनी खिडकीची गोधडी काढायला सांगितली आणि खालच्या मजल्यावर फिजिओथेरपीला पाठवलं.

तिथली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिनं भिंतीवर एक मोठा 'क' चिकटवला. नजर 'क' वर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे फिरवायची. मला लगेच गरगरलं. मी म्हटलं, "हे केल्यानं त चक्कर येते."

"थोडी यायलाच पाहिजे, काकू. मेंदूला सवय लागते त्यानं. पण थोडीच. आणि शिवणकाम डोकं दुखायला लागल्यावर थांबवायचं नाही, दुखायच्या आधी थांबवायचं."

घरी ओसरीच्या भिंतीवर आम्ही 'क' लावला. मी पडेन या भीतीनं सासूबाई शेजारी उभ्या राहायच्या. नुसतं उभं राहणं त्यांच्यानं होत नाही, म्हणून त्याही मान फिरवायला लागल्या. एके सकाळी शेजारच्या काकू फाटकातून ओरडल्या, "काय वो, सासू-सुना भिंतीले नाई-नाई काहून म्हनून राह्यल्या?" त्या दिवसापासून सगळ्या गल्लीत आमच्या व्यायामाला 'नाई-नाई' नाव पडलं. यजमानसुद्धा शेतातून आले की विचारायचे, "झालं का आज नाई-नाई?"

मी सुधारत गेले. मग गल्लीत एक लग्न निघालं. बरं वाटतंय म्हणून वरातीला गेले, डीजेच्या गाडीजवळच उभी राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरुणात. सगळं केलेलं पाण्यात गेलं असं वाटलं. फिजिओवाल्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "वाया नाही गेलं काही. जरा जास्त झालं एवढंच. दोन दिवस कमी करा, मग पुन्हा सुरू." तसंच झालं. यावेळी उठायला पहिल्याइतका वेळ लागला नाही.

महालक्ष्म्यांच्या सणाआधी ब्लाऊजांची गर्दी होते. त्या वर्षी मी जमेल तेवढेच घेतले, बाकीचे खालच्या आळीतल्या टेलर बाईकडे पाठवले. बारीक चौकडीचं कापड आजही सकाळीच शिवते, दुपारनंतर हात लावत नाही. कधी एखादा शब्द अडतो. मी थांबते, तो येतो.

शेवटच्या तपासणीला मी आणि सासूबाई बसनं गेलो. फिजिओवाल्या मुलीनं मला एका पायावर उभं केलं, डोळे मिटायला लावले, आणि म्हणाली, आता यायची गरज नाही. मी चप्पल घालायला वाकले तर सासूबाई पुढे झाल्या. "माह्यं बी पाहून घे ना वं. मीबी रोज केलं." मुलीनं हसत त्यांना उभं केलं, हात धरायला जवळ थांबली. सासूबाईंनी पदर खोचला, एक पाय उचलला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. माझ्याहून जास्त वेळ.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर तिकिटाला आला. त्याला आधी सासूबाईंच्या तोंडून हे सगळं ऐकावं लागलं, तेव्हा कुठे त्यांनी म्हाताऱ्यांच्या सवलतीसाठी पिशवीतून आधार कार्ड काढलं.