लांबून बघणारी बाई

पुष्पाबाई वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्या, तेव्हा पुढे त्यांनी काय करावं हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा भूषण जळगावला नोकरीला. त्याला वाटे, आईने बॅग भरावी आणि आपल्याकडे येऊन राहावं. सून दीपमाला म्हणे, आईंनी आता चारधाम करावा. आणि लीलाधर नाना, म्हणजे बाईंचे चुलत दीर, ज्यांचा निम्मा जन्म दुसऱ्याच्या घरातले निर्णय घेण्यात गेला, त्यांनी तर वहिनींचं नाव भजनी मंडळात परस्पर देऊनही टाकलं होतं. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि आपल्या कॅमेऱ्याला मोठी लेन्स घ्यायचं ठरवलं.

कॅमेरा निरोप समारंभात मिळालेला. कॅन्टीनमधल्या बाया म्हणाल्या होत्या, चांदीची समई देऊ. "समई घरात दोन हायेत. द्यायचंच असीन तं कॅमेरा द्या," असं बाईंनी तोंडावर सांगितलं. लाजणं, आढेवेढे घेणं त्यांना कधी जमलंच नाही. नवरा फॅक्टरीतच होता. तो गेला तेव्हा भूषण अंगणवाडीत जायचा. त्याच्या जागी बाईंना कॅन्टीनमध्ये नोकरी मिळाली आणि तेव्हापासून गल्लीला एक नवा उद्योग मिळाला. हिच्याकडे कोण आलं, हिने साडी कोणती नेसली, हिच्या चुलीवर आज काय शिजतंय, हे बघायला लोक थेट उंबऱ्यापर्यंत येत. काळजीच्या नावाखाली येत, वर चहा पिऊन जात. त्या वर्षांचा राग बाईंच्या पोटात अजून ताजा आहे आणि तो त्या लपवत नाहीत.

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रावेरहून माहेरच्या पोरीबाळी आल्या होत्या. त्यांना घेऊन बाई हतनूरच्या धरणावर गेल्या. उन्हाळ्यात तापीचं पाणी ओसरलं की मध्ये वाळूचे उंचवटे उघडे पडतात. त्यातल्या एकावर पांढरे-राखी पक्षी बसले होते. डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीजर्द, शेपूट कात्रीसारखं दुभंगलेलं. जाळं आवरत बसलेल्या एका भोई म्हाताऱ्याने सांगितलं की यांची अंडी उघड्या वाळूवरच असतात, आणि पक्षी ती उबवायला नाही, सावली धरायला बसतो. खानदेशातला वैशाख! मायबाप क्षणभर उठले तरी अंडं भाजून निघतं. बाई किती तरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. घरी येऊन फोटो बघितले तर पक्षी तिळाएवढे.

तिथून लेन्सचं खूळ डोक्यात शिरलं.

लीलाधर नानांना यातलं कळत होतं, हे मान्य करायला हवं. त्यांच्याकडेही कॅमेरा होता आणि रोज सकाळी भाऊबंदांच्या ग्रुपवर एक पक्षी आणि त्याच्याखाली एक सुविचार ते न चुकता टाकत. फोटो झकास असत. पक्ष्याचं पीस न् पीस मोजून घ्यावं असे. त्यांनी वहिनींना समोर बसवून समजावलं.

"वहिनी, तीनशे एमएमची लेन्स घ्या. हलकी असते, हातात धरता येते. सहाशेची म्हणजे तोफ. ती काय करायची? भाड्याने नाव करायची, बेटावर उतरायचं. आपण जवळ गेलो की लेन्स आपोआप मोठी होते."

"आन् पक्षी उठून गेले म्हंजे?"

"येतात की परत."

"तवरोक अंडे भाजले, तं?"

नाना हसले. बाईमाणसाच्या शंकेला पुरुषमाणूस जसा हसतो, तसे.

झालं. त्या हसण्यानेच बहुधा तीनशेची लेन्स बाद झाली. बाकीची कारणं नंतर जमली.

जळगावच्या दुकानात भूषण सोबत गेला. दुकानदाराने दोन लेन्सा काउंटरवर मांडल्या आणि सगळं भूषणला सांगितलं. ही तीनशेपर्यंत जाते, ही सहाशेपर्यंत. लांबचं जनावर, लांबचा पक्षी मोठा दिसायला हा आकडा मोठा लागतो. पण आकडा वाढला की वजन वाढतं, हात जरा हलला तरी फोटो हलतो, आणि मोठीला उजेड भरपूर लागतो, सांजच्याला ती रुसते. माणूस खोटं बोलत नव्हता. फक्त गिऱ्हाईक कोण, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मॅडमना मोठी पेलवणार नाही, साहेब. खांदा भरून येतो."

बाईंनी मोठी लेन्स उचलली. खरंच जड होती. दळण आणायच्या पिशवीएवढी. उजवा खांदा त्यांचा आधीच दुखरा, तो कुरकुरलाही. त्यांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

"भाऊ, मी रावेरची. केयीचे घड वाहून मोठी झाली. मंग तीस वर्सं कॅन्टीनचे पातेले उचलले. तवा कोनी इचारलं नही, बाई, तुले पेलवते का म्हनून. आज सोतासाठी उचलून राह्यली, तं बठ्ठ्याईले माह्या खांद्याची काळजी!"

दुकानदार गडबडला आणि त्यानंतर तो बाईंशीच बोलला. त्याने दोन्ही लेन्सा कॅमेऱ्याला लावून दिल्या. बाई दुकानाच्या पायरीवर आल्या. समोर लांब एका मोबाईलच्या टॉवरवर घार बसली होती. तीनशेतून घार दिसली. सहाशेतून घारीचा डोळा दिसला आणि त्या डोळ्यात, बाई शपथेवर सांगतात, राग दिसला.

"हे द्या," बाई म्हणाल्या. "तिले माहीत बी नही, मी बघून राह्यली ते."

आता इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढची चूक मात्र बाईंची, आणि ती फक्त आपल्याकडेच होऊ शकते. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा होते. ट्रॅक्टर असो, फ्रिज असो, नाही तर पिठाची गिरणी. पाटावर लेन्स ठेवली, निरांजन लावलं. नाना आले होतेच. आपण नको म्हटलेली वस्तू कशी आहे ते बघायला. बाई पाटासमोर बसायला लागल्या तसे नाना खाकरले.

"दीपमालाच्या हातून होऊ द्या, वहिनी. सवाष्णीचा हात असला म्हणजे बरं."

दीपमालाने मान खाली घातली. भूषण फोन बघायला लागला. माझा त्याच्यावर सगळ्यात जास्त राग आहे तो त्या फोन बघण्याचा. पुष्पाबाईंनी नानांकडे बघितलं, निरांजनातल्या तुपाने ओशट झालेलं बोट कुंकवात बुडवलं आणि लेन्सच्या तोंडावर, थेट पुढच्या काचेवर, ठसठशीत स्वस्तिक काढलं. ट्रॅक्टरला काढतो ते पुढेच काढतो ना? लेन्सची पुढची बाजू काच आहे, त्याला बाई काय करणार! दुसऱ्या दिवशी निघताना पदराच्या टोकाने काच पुसली, झालं काम.

फोटो आले ते दुधाळ. वाळू दुधाळ, पाणी दुधाळ, पक्षी जणू साईत बुडालेले. रोज सकाळी बाई पहिल्या गाडीने धरणावर जात आणि रोज तेच. खांदा सुजला. ग्रुपवर नानांनी आपला एक लखलखीत पक्षी टाकला आणि सुविचाराच्या जागी लिहिलं, "काही गोष्टींना शुभ हात लागावा लागतो." खाली सात-आठ जणांनी हात जोडले. बाईंनी ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. रडल्याही असतील. सांगितलं नाही कुणाला.

भूषणने दुकानदाराला फोन लावला. दुकानदार भला निघाला. म्हणाला, रविवारपर्यंत आणा, छोटी देतो बदलून. मग त्याने विचारलं, काचेला काही लागलंय का? तेल, तूप, क्रीम? भूषण तावातावाने नाही म्हणणार, तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला.

"लागलं नही, लावलं. कुंकू लावलं मी. तुपाच्या हातानं. आन् उद्या दुसरी घेतली तरी लावीन. फक्त काचेले नही लावनार, आंगाले लावीन."

पलीकडे दुकानदार बहुतेक तोंडावर हात ठेवून हसला. पण त्याने नीट समजावून सांगितलं: पेटीत छोटी बाटली आणि मऊ फडकं आहे, त्याने हळूहळू, गोल गोल. बाईंनी दुपारभर पुसलं. भूषणचा विचार मात्र बदलला नव्हता. काच साफ झाली ते उत्तम, म्हणजे आता दुकानदार कुरकुर न करता परत घेईल. आईचा खांदा बघवत नव्हता त्याला, हेही खरं. रविवारी उजाडताच तो खोका आणि बिल घेऊन दारात हजर.

"एक सकाळ दे मले," बाई म्हणाल्या. "तू बी चाल. तुह्या गाडीनं चाल."

धरणाच्या काठाला बाभळीखाली एक बसकी दगडी भिंत आहे. बाईंनी जुन्या लुगड्याची जाड चुंबळ करून आणली होती, केळीचे घड डोक्यावर घेताना करतात तशी. ती भिंतीवर ठेवली आणि चुंबळीत लेन्स बसवली. खांद्यावर भार नाही, लेन्स हलायचं नाव नाही. भूषण शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता.

बाईंनी डोळा लावला. काळी टोपी. पिवळी चोच. अर्धवट पसरलेले पंख आणि उन्हाने वासलेली चोच, पक्षी धापा टाकत होता. तरी जागचा हलत नव्हता. बाईंना एकदम आपलं ते पंचविशीतलं घर आठवलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी डोळा पुसला आणि बटण दाबलं.

भूषणला दाखवावं म्हणून त्या वळणार, तोच सगळे पक्षी एकदम उठले. कर्कश ओरडत वर गोल फिरायला लागले. बेटाला एक नाव लागली होती. गुलाबी बनियन घातलेला माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून वाळूवर उतरला आणि उकिडवा बसला. एवढ्या लांबून नुसत्या डोळ्यांना तो गुलाबी ठिपका होता.

"बघ," लेन्समधून एकदा बघून बाई बाजूला सरकल्या.

भूषणने डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आई, हे नाना आहेत."

"मले दिसले मघाच."

ऊन चढत होतं. पक्षी वर, अंडी खाली उघडी, आणि नाना एक फोटो काढून दुसऱ्यासाठी गुडघ्यावर पुढे सरकत होते. ग्रुपवरच्या त्या लखलखीत पिसांमागे रोज काय घडत होतं, ते भूषणला पहिल्यांदाच कळलं. त्याचा चेहरा उतरला. बाईंनी त्याला बाजूला सारून पुन्हा डोळा लावला आणि एक, दोन, तीन फोटो घेतले. नानांच्या मिश्यांसकट.

"फोन लाव त्याईले."

"आई, नाना मोठे आहेत, आता इथे कशाला..."

"लाव."

लेन्समधून नाना खिसा चाचपताना दिसले. फोन कानाला लागला.

"हॅलो नाना, मी भूषण. आई बघतेय तुम्हाला."

नाना ताडकन उठले. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कपाळावर हात धरून सगळा किनारा धुंडाळला. "कुठून? मला तर कोणीच दिसत नाही रे!"

बाईंनी फोन घेतला. डोळा लेन्सवरून काढला नाही.

"भाऊजी, डाव्या पायाजोळ बघा. आत्ता तठूनच पाखरू उठलं. अंडे असतीन. पाय जपून उचला. हं. आता मांघे फिरा. आजून मांघे. नावेत बसा आन् जा घरी. बसा म्हनते ना! मी बघून राह्यली."

आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या उंबऱ्यात उभा राहिलेला तो माणूस, कोण कुठून बघतंय हे न कळल्यामुळे, एक एक पाऊल जपून टाकत मागे सरकत गेला. नाव निघाली. पक्षी एकेक करून खाली उतरले आणि पुन्हा सावली धरून उभे राहिले.

भूषण गाडीकडे गेला, खोका उघडून त्यातलं बिल त्याने खिशात घातलं आणि रिकामा खोका तिथेच पायाखाली चपटा केला. बाईंनी वळून बघितलंसुद्धा नाही.