समोरचे चार मजले

पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत पक्की गच्ची एकच होती, आणि ती माझी होती. सासरे रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकून घेतला. बाकी सगळ्यांच्या घरांवर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. कवेलूंवर मांजरं फिरतात, कुरडया वाळत नाहीत. त्यामुळे चैत्र संपत आला की गल्लीतल्या बायका एकेक करून माझ्या दारात येत आणि एरवी नसलेल्या गोड आवाजात विचारत, "वहिनी, गच्ची कधी खाली हाय वो?"

हा प्रश्न मला फार आवडायचा. कुणाला सोमवार, कुणाला गुरुवार असे मी वार वाटून द्यायचे. जिच्याशी बिनसलेलं असेल तिला जरा ताटकळत ठेवायचे. आमच्या घरात टीव्ही नव्हता, स्कूटर नव्हती, माझ्या अंगावर सोनंही बेताचंच, पण उन्हाळ्याचे ते दिवस मी गल्लीची मालकीण असायचे.

कुरडयांचं काम एकटीचं नाही. भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक पहाटेच गच्चीवर विटांच्या चुलीवर शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि ऊन चढायच्या आत जुन्या धोतरांवर गोल गोल घालून मोकळं व्हायचं. एक ढवळते, एक दाबते, एक पोरांच्या वाटीत चीक आणि साखर घालते, आणि सगळ्या मिळून जी हजर नसेल तिच्याबद्दल बोलतात. एकच अडचण होती. वर नळ नव्हता. प्रत्येक बादली अंगणातल्या नळावरून जिन्याने वर न्यावी लागायची. नळाचं सांगून सांगून माझी जीभ झिजली. माझा नवरा तहसील कचेरीत बाबू. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला तो जे उत्तर द्यायचा, तेच घरी मला द्यायचा. "पाहू."

आता समोरचीबद्दल सांगते. ती आणि मी एकाच उन्हाळ्यात या गल्लीत सुना म्हणून आलो. तिचं घर आमच्या दक्षिणेला, रस्त्यापलीकडे, आणि घराला लागून मोठी मोकळी जागा. तेव्हा तिच्याही डोक्यावर कवेलूच होते. पहिल्या वर्षी ती माझ्याच गच्चीवर कुरडया घालायला शिकली. सोऱ्या तिला दाबता येईना, चटके बसून डोळ्यांत पाणी आलं, आणि मी तिच्या हातावर हात ठेवून दाबून दिलं. तेव्हा ती मला आवडायची.

मग तिच्या नवऱ्याने संत्र्याचा धंदा सुरू केला. सौंसर, बोरगावकडचे बगीचे झाडावर फळ असतानाच घ्यायचे, माल तोडायचा आणि पेट्या भरून रेल्वेने पाठवायच्या. धंदा असा लागला की मोकळ्या जागेत दिवसभर पेट्या ठोकल्याचा आवाज. आधी स्कूटर आली. मग टीव्ही आला, आणि त्याचा अँटेना बांबूला बांधून इतका उंच लावला की माझ्या स्वयंपाकघरातूनही तोच दिसायचा. तिच्या साड्यांचे काठ रुंद होत गेले. मला पोटात दुखायचं, हे सरळ सांगते. ती नवीन साडी नेसून दारात उभी राहिली की मी मुद्दाम खाली बघून अंगण झाडायचे. पण चैत्र आला की तिलाही माझ्या दारात यावं लागायचं. "वहिनी, गच्ची कधी खाली हाय वो?" तेवढ्यावर मी वर्षभर तग धरायचे.

एका फाल्गुनात बातमी आली की समोरचे त्या मोकळ्या जागेत बिल्डिंग बांधून राहिले. चार मजली. खाली दुकानं, वर किरायाचे ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकला आपला नळ, आपला संडास. आणि सगळ्यात वर, म्हणे, गच्ची.

पानठेल्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणालं, आता पांढुर्ण्याचं नागपूर होऊन राहिलं. गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या मास्तरांनी निकाल दिला, "काळ्या मातीत चार मजले? पहिल्याच पावसात एका बाजूले झुकन, लिहून घ्या." ज्यांच्या घरात एखाददुसरी किरायाची खोली होती ते सगळे एकाएकी जुन्या वळणाचे झाले. अशा बिल्डिंगीत कोण कुठला येऊन राहील, पोरीबाळी असलेली गल्ली आहे, असं म्हणायला लागले. सावरगावचा दूधवाला नदी ओलांडून यायचा; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं गाव आणि आमचं गाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. तो खो खो हसला. "बांधा बांधा, गोटमारीच्या दिवशी आमाले नेम धराले सोपं जाईन."

आमच्याकडेही एक किरायेदार होती. मागच्या खोलीत राहणारी सरकारी दवाखान्यातली नर्स, रामाकोन्याची, बौद्ध. गावात खोली शोधताना तिला आडनाव सांगितलं की खोली भरली असायची, हे तिने मला कधीतरी भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. बिल्डिंगीची बातमी कळली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्याले नोकरीवाला किरायेदार पाह्यजे म्हणे. आणखी काही विचारून नाई राहिला." तिचा चेहरा इतका खुलला होता की मला तिचाही राग आला. म्हणजे माझी किरायेदार, माझ्या घरात बसून, तिच्या बिल्डिंगीचं स्वप्न पाहणार. मी तिच्यापुढची भाजी उचलून आत नेली.

मग मी विचार केला आणि मला सापडलं. ऊन! जागा आमच्या दक्षिणेला. चार मजले उभे राहिले की माझ्या गच्चीवर सावली पडणार. सावली पडली की कुरडया वाळणार कशा? मी गल्लीतल्या बायकांना बोलावलं आणि चांगला दुधाचा चहा पाजून विचारलं, "मंग वाळवणं काय चुलीपुढे घालान का?" बायका हादरल्या. माणसांच्या डोक्यात धूळ, पाणी, भाडं असं काहीबाही होतं, पण कुरडयांचं ऊन जाणार म्हटल्यावर प्रत्येक घरात रात्रीच्या जेवणाला तोच विषय निघाला. आठवड्यात सगळी गल्ली बिल्डिंगीच्या विरोधात. मी एवढी खूश मोठ्या पोराच्या जन्मालाही नव्हते.

समोरचा माणूस मात्र चिडला नाही. तो सरळ आमच्या अंगणात आला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, भांडाचं कायले? लावून पाहू ना." बगीच्यात फळांनी वाकलेल्या फांद्यांना टेकू द्यायला त्याच्याकडे लांब बांबू होतेच. चार मजले भरतील एवढे ते एकाला एक बांधले, वर लाल फडका लावला आणि माझ्या घरासमोरच्या कडेला उभे केले. सावली कुठवर येते ते सगळ्यांनी पाहायचं. कधी पाहायचं? अर्थात वैशाखात, कुरडयांच्या दिवसांत, भर दुपारी. ही वेळ कुणी दुसऱ्याने नाही, मीच ठरवली.

सगळी गल्ली माझ्या गच्चीवर जमली. डोक्यावर पदर, पायाखाली तवा. बारा वाजले. बांबूची सावली बुडाशी गोळा होऊन बसली होती, रस्त्याच्या कडेपर्यंतसुद्धा आली नाही. कुणीतरी म्हणालं, "अरे, सावलीचं तर काहीच नाई." मास्तर हसले. बायका माझ्याकडे पाहायच्या थांबल्या आणि पाय भाजतात म्हणून खाली उतरायला लागल्या. शेवटी गच्चीवर मी आणि नवरा उरलो. तो म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

पोळा झाला आणि पाया खोदायला सुरुवात झाली.

दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात चौथा मजला चढला, आणि एका सकाळी मी मिरच्या वाळत घालायला वर गेले तर गच्ची थंडगार. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले तरी ऊन नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडून तिरपा चालतो, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज त्याच उन्हात पाठ शेकत होतो आम्ही. पण वाळवण म्हटलं की आम्हाला फक्त कुरडया दिसल्या. मिरच्या, वड्या, गाद्या, न्हालेली पोरं, यांतलं कुणाला काही आठवलं नाही. मी खाली येऊन ओरडले तेव्हा नवरा म्हणाला, "वैशाखाचा हट्ट कोणाचा होता?" त्या दिवशी त्याला मी बिनफोडणीचं वरण वाढलं.

नर्स दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली. जाताना माझ्या पाया पडली, ते मला आणखीनच लागलं.

चैत्र आला. माझ्या दारात कोणी आलं नाही. कळलं की समोरचीने सगळ्यांना निरोप धाडला होता: यंदा आमच्या गच्चीवर या, वर टाकी आहे, नळ आहे, पाणी चढवायची कटकट नाही. नळ! मी खिडकीच्या आडून पाहिलं. एकेक बाई सोऱ्या, परात, धोतर घेऊन त्या जिन्यात शिरत होती. जिच्या बाळंतपणात मी पंधरा दिवस डबा पोचवला तीसुद्धा. त्या दिवशी मला ताप भरला म्हटलं तरी चालेल. घरातल्या कुणाशी धड बोलले नाही आणि दुधावर लक्ष नव्हतं म्हणून ते उतू गेलं.

पण देव आहे. चार जिने चीक घेऊन चढणं म्हणजे काही खेळ नव्हे. आणि तेवढ्या उंचीवर वैशाखातला वारा असा, की धोतरं उडून अर्धवट वाळलेल्या कुरडया कुणाच्या अंगणात, कुणाच्या कवेलूंवर जाऊन पडल्या. एक तर मास्तरांच्या टोपीवर. पुढच्याच आठवड्यात माझं दार वाजलं. "वहिनी, गच्ची कधी खाली हाय वो?" मी म्हटलं, "पाहू." आणि दोन दिवस झुलवून मग वार दिला.

माझ्या कुरडयांच्या दिवशी गच्ची भरलेली होती. नर्सही ड्यूटीवर जायच्या आधी हात लावायला आली होती. चीक शिजत आला होता आणि मी मोठ्या आवाजात वाऱ्याबद्दल बोलत होते, तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या. समोरची. हातात तोच जुना पितळी सोऱ्या. ती कुणाला काही न विचारता माझ्या शेजारी बसली आणि सोऱ्या पुढे केला. तो भरून द्यायला नाही म्हणणं मला जमलं नाही.

"तुमच्या गच्चीवर नळ हाय ना," मी म्हटलं.

"हाय."

"मंग?"

ती दाबत राहिली. आता तिचा हात चांगला बसला होता. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वर कोणीच येऊन नाई राहिलं वो वहिनी. नळ सोडून एकटीच बसून राहाची. मी का बिल्डिंग मांगितली होती? लग्न झाल्यापासून इथं दारात उभं राहून वार मांगाची, तर लई लागे जीवाले. एकदा त्याईले म्हटलं, मले बी वहिनीसारखी एक गच्ची पाह्यजे. त्याईनं गच्ची देली, पण खाली चार मजले घालून."

मला एकदम हसू आलं, आणि आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते आणि ती माझ्यावर जळत होती. ती अख्खी बिल्डिंग, पाया, सिमेंट, किरायेदार, सगळं माझ्या दोन खोल्यांवरच्या स्लॅबमुळे उभं राहिलं होतं. मी तिच्या ताटलीत चीक घातला, साखर जास्त घातली, आणि पुढच्या वर्षी तिने वार मागायची गरज नाही असंही सांगून टाकलं. त्या सकाळी मला तिच्या साडीचा काठसुद्धा रुंद वाटला नाही.

तेवढ्यात पाणी संपलं. बादली माझ्याच पायाशी होती. ती घेऊन मी जिना उतरायला लागले आणि मधल्या पायरीवर तिचं बोलणं मला पुन्हा ऐकू आलं. एकदा म्हटलं. एकदाच म्हटलं होतं तिने. आणि माणसाने चार मजले बांधले.

खाली नवरा नळाजवळच्या दगडावर बसून दाढी करत होता. मी बादली नळाखाली जोरात आपटली. तो दचकला.

"काय झालं वो?"

"वर नळ कधी लावता?"

त्याने आरशात पाहून गालाचा साबण पुसला.

"पाहू," तो म्हणाला.