युरोप उठवणारे साहेब

आमच्या सेल्सच्या साहेबांना आखातातल्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये बसून बर्लिनमधली बांधकामं दिसायची. रस्त्यापलीकडच्या क्रेन मात्र दिसायच्या नाहीत. आम्ही ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचो. "पुढच्या तिमाहीत युरोप उठतोय," हे त्यांचं वाक्य. दर तिमाहीला.

साहेब पुण्याचे. युरोपातल्या बांधकामाचे अहवाल ते सकाळी चहाबरोबर वाचत. घसरण जराशी मंदावली, की टेबल वाजवून म्हणत, "बघा, वाढ सुरू झाली!" आजाऱ्याचा ताप अर्ध्या डिग्रीने उतरला, की त्याला लगेच कुस्तीला पाठवणारी ही जात.

त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, नाकारत नाही. मी बार्शीत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं, तेव्हा "काम येतं ना? बास," म्हणून त्यांनीच मला घेतलं. म्हणून तर पुढे त्यांची शेखी जास्त बोचली.

त्यांच्या शब्दावर मालकांनी थंड देशांसाठी तीन काचांच्या खिडक्यांचं मशीन आणलं, दुसरी पाळी सुरू केली, बिहारहून माणसं बोलावली. इथल्याच रास अल खोरचा एक ठेकेदार व्हिलांच्या खिडक्या मागायला आला, तर साहेब म्हणाले, "सॉरी हबीबी, हम अभी लोकल नहीं करते."

तो गेल्यावर मी म्हटलं, "साहेब, युरोपची एकही ऑर्डर हातात नाही. दुसऱ्या पाळीला काम काय देणार?"

"तू अजून बार्शीतच आहेस रे. जरा जगाकडे बघ."

जगात व्याजदर चढले. तिकडे युरोपात लोकांनी घरं बांधणं लांबणीवर टाकलं. आमच्या नमुन्याच्या खिडक्या अंगणातल्या उन्हात तापत राहिल्या. शेवटी मालकांनी एका शब्दात दुसरी पाळी बंद केली, "खलास."

साहेबांची नोकरी टिकली. दुसऱ्या पाळीची माणसं वर्कशॉपबाहेर विमानतळाच्या बसजवळ उभी होती. काचा बसवणाऱ्या रामबाबूने विचारलं, "साहब, यूरोप में हुआ क्या?"

"ब्याज बढ़ गया," साहेब म्हणाले.

रामबाबूला काही कळलं नसावं. तरी त्यानेच साहेबांचा हात हातात घेतला. "कोई बात नहीं, साहब. इसमें आपका क्या कसूर?"

एवढी मोठी माफी साहेबांनी हक्काची असल्यासारखी घेतली. मग "कॉल आहे" म्हणाले आणि एसीत निघून गेले. बॅगा बसमध्ये मीच चढवल्या.