पहिली बॅटरी आणि जिन्याखालची कोठी

टीव्ही घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दहा मिनिटांत बाहेर पडतं. पण आयुष्यातली पहिली बॅटरी, तीही स्वस्तातली, घ्यायला आलेला माणूस अर्धा तास हलत नाही! तेवढ्या वेळात तो घरातलं सगळं सांगून मोकळा होतो. गुहागरच्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी आठ वर्षं हे ऐकतेय. किस्से साठणार नाहीत तर काय!

त्यात भर म्हणजे आमची कोठी. भर दुपारी बॅटरीचा उजेड दिसणार कसा? म्हणून सासऱ्यांनी जिन्याखालच्या कोठीला दार बसवून घेतलं. साडीच्या दुकानात आरसा असतो, आमच्याकडे अंधार. बॅटरी घ्या, आत जा, दार लावा, पेटवून बघा!

*

काउंटरवर माझ्याबरोबर रफीकचाचा असतात. सासऱ्यांच्या वेळचे वायरमन, आता गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर. एकदा मुंबईचा एक तरुण आला. इथे नुकतंच घर बांधलेलं. मोबाइलमध्ये बघून विचारतो, "किती लुमेनची आहे?"

चाचा म्हणाले, "ते सोडा. घरापासून विहिरीच्या पंपापर्यंत पावलं किती?"

"असतील ऐंशी."

"मग ही छोटी बास."

त्याचं मन भरेना. त्याला ती मोठी हवी होती, जिच्या खोक्यावर 'दोन किलोमीटर' लिहिलेलं. चाचांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घरापासून दोन किलोमीटरवर समुद्र हाय. त्यात काय बघणार?"

छोटी घेऊन गेला बिचारा.

*

आमच्या आळीतल्या शांताकाकू मात्र सगळ्यांच्या उलट. "उजेड कमी पडेल अशी दाखव गो."

मी चक्रावले. "कमी? का हो काकू?"

"पहाटे देवाला फुलं काढत्ये मी. मोठा उजेड पडला की शेजारीण उठते."

"उठली तर उठू दे की!"

"अगो, फुलं तिच्या कुंपणातली असतात ना!"

*

एक नवराबायको आले होते. त्यांच्या घरात एक बॅटरी होतीच, नवऱ्याने आखातातून आणलेली, चांगली हातभर लांब. बाई वैतागलेली. "एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दुधाची किटली. हे धूड धरू कुठे? मला माझी वेगळी हवी. तोंडात धरता येईल अशी!"

मी पेनाएवढी बारीक बॅटरी काढून दिली. तिने ती खरोखरच दातांत धरली आणि दुकानात दोन फेऱ्या मारल्या. नवरा खूश. "म्हणजे ही पेटलेली असेपर्यंत बोलता यायचं नाही? हीच पॅक करा!"

बाईने बॅटरी तोंडातून काढली, पदराला पुसली आणि म्हणाली, "दोन द्या. एक यांना!"

*

मागच्या मे महिन्यात एक नवं जोडपं आलं. बॅटरी उचलली आणि दोघंही कोठीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला हसू आवरेना आणि चाचा उगीचच छताकडे बघत बसलेले. शेवटी दोघं बाहेर आले.

मी विचारलं, "कसा वाटला उजेड?"

"एकदम मस्त!" मुलगा म्हणाला. "लांबपर्यंत पडतो!"

चाचांनी त्याच्या हातातली बॅटरी घेतली, झाकण उघडलं आणि मुकाट्याने तिच्यात दोन सेल घातले.

*

आणि धोंडूआजोबा. वरच्या वाडीत एकटे राहणारे. संध्याकाळी पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून पडले, तेव्हा मुंबईच्या मुलाने फोनवर दम भरला, "पुन्हा पडलात तर घराला कुलूप लावून तुम्हाला इकडे आणणार." आजोबांना गाव सोडायचं नव्हतं. म्हणून म्हातारा पहिल्यांदा बॅटरी घ्यायला आला.

सगळ्यात स्वस्त बॅटरी घेऊन कोठीत गेले, बाहेर आले. "मिनमिनतेय."

दुसरी दिली. "ही पन तशीच."

पाचवी चांगली महागातली होती. माझेच डोळे दिपवणारी. आजोबा म्हणाले, "धूर धरलाय नुसता."

मी आणि चाचांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मीच धीर करून म्हटलं, "आजोबा, बॅटरी राहू दे. आधी डोळे दाखवा डॉक्टरांना."

आजोबा भडकले. "उजेड तुज्या दुकानात नाय नि दोष माज्या डोळ्यांना!" आणि तरातरा निघून गेले. मला फार वाईट वाटलं. वाटलं, म्हातारा गेला आता मुंबईला.

अडीच-तीन महिन्यांनी दारात हजर! डोळ्यांवर काळा चष्मा, बरोबर कोणी नाही.

"झालं दोनी डोळ्यांचं ऑपरेशन," आजोबा म्हणाले.

"आणि मुलगा? न्यायला नाही आला?"

"आल्ता की. ऱ्हायला चार दिवस नि गेला एकटाच." मग काउंटरवर हात आपटून म्हणाले, "ती पयली दे. सगळ्यांत स्वस्त."

चष्मा काढून माझ्याकडे दिला, बॅटरी घेऊन कोठीत शिरले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ आत काही हालचाल नाही. मी जाऊन दाराला कान लावला. चाचा तर स्टुलावरून उठून उभे राहिले.

दार उघडलं. आजोबांनी बॅटरी विझवली, खिशात टाकली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"सूनबाय, काय ती कोळिष्टकं आतमदी! डोळे दाखव हो एकदा डाक्टरला."